संगणकजालांतील वाटाडे

परक्या मुलखांत तिन्हीसांजेस वाट चुकलेला प्रवासी चव्हाट्यावर थांबतो आणि समोरून येणाऱ्या पहिल्याच माणसास विचारतो, "अमक्या गांवची वाट कोणती?" तो माणूस त्या गांवीं बहुधा स्वतः कधीं गेलेला नसतो. त्याला शेजाऱ्यानें सांगितलेलें असतें, शेजाऱ्यास त्याच्या व्याह्यानें, आणि व्याह्यास आठवड्याच्या बाजारांत भेटलेल्या एखाद्या गाडीवानानें. तरी तो हात वर करून दिशा दाखवितो व प्रवासी तिकडे चालूं लागतो. बहुतेक वेळां तो मुक्कामास पोंचतोहि. मुंबईंतल्या घरांतून परदेशीं असलेल्या मुलास धाडलेल्या चार ओळी आज डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच समुद्रापार जातात, त्या याच रीतीनें, म्हणजे ऐकीव माहितीच्या आधारानें, वाट विचारीत विचारीत जातात.

इंटरनेट या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या महाजालाचा संपूर्ण नकाशा कोणत्याहि एका कचेरींत टांगलेला नाहीं. कोणता संदेश कोठून न्यावा हें ठरविणारा एक अधिकारीहि तेथें नाहीं. संदेशाचे लहान लहान तुकडे, म्हणजे पुडकीं, केलेलीं असतात. प्रत्येक पुडक्यावर मुक्कामाचा पत्ता असतो. आणि वाटेंतल्या प्रत्येक नाक्यावर बसलेलें यंत्र तो पत्ता वाचून पुडकें पुढच्या नाक्याकडे ढकलतें. या यंत्रास राउटर म्हणतात. मराठींत त्यास वाटाड्या म्हणावयास हरकत नाहीं. वाटाड्याजवळ एक कोष्टक असतें: अमक्या पत्त्याचें पुडकें आलें तर तें अमक्या तारेनें धाडावें. माणसानें एकदां लिहिलेलें कोष्टक कायम चालतें तर प्रश्नच नव्हता. परंतु तारा तुटतात, यंत्रें बंद पडतात, नवीं नाकीं उघडतात. म्हणून वाटाड्यांनीं आपापसांत बोलून आपलीं कोष्टकें स्वतःच दुरुस्त करीत राहावें अशी योजना करावी लागली. या बोलण्याचे जे ठरलेले संकेत, त्यांना राउटिंग प्रोटोकॉल असें नांव आहे. त्यांचा इतिहास वरवर पाहतां जवळची वाट शोधण्याच्या गणिताचा दिसतो. पण तें गणित १९५० ते १९६० या दशकांतच बहुतांशीं सुटलेलें होतें. पुढचीं साठ वर्षें खर्चीं पडलीं तीं दुसऱ्याच एका प्रश्नावर: शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास किती ठेवावा?

या विचाराचा उगम युद्धाच्या भीतींत आहे. पॉल बरन हे अमेरिकेंतील रँड संस्थेंत काम करीत. अणुबाँबच्या माऱ्यांत टेलिफोनचीं मोठीं केंद्रें नष्ट झालीं तर सेनापतींना एकमेकांशीं बोलतां येईल काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता. १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालमालेंत त्यांनीं उत्तर दिलें कीं, मोठें केंद्र ठेवूंच नये. मराठींत 'कोळी' या एका शब्दाचे जे दोन अर्थ आहेत, त्यांत हा सारा भेद सामावलेला आहे. भिंतीवरच्या कोळ्याच्या जाळ्यास मध्य असतो व तो फाटला कीं सगळें संपलें. दर्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यास मध्य नसतो, चार गांठी सुटल्या तरी तें मासे धरतें. बरन यांना हवें होतें तें हें दुसरें जाळें. त्यांतील प्रत्येक नाक्यानें आलेलें पुडकें हातांत न ठेवतां जी चांगली तार मोकळी दिसेल तिच्यावरून ताबडतोब पुढें द्यावें. भाजलेला बटाटा हातावर पडला कीं माणूस तो जसा चटकन् दुसऱ्याकडे टाकतो, तसें. या रीतीस त्यांनीं नांवहि 'गरम बटाटा' असेंच दिलें. टेलिफोन कंपनीच्या अनुभवी मंडळींना ही कल्पना पटली नाहीं व ती कागदावरच राहिली. इंग्लंडांत डोनल्ड डेव्हिस यांनीं १९६५ च्या सुमारास स्वतंत्रपणें तशीच योजना आंखली. 'पॅकेट' म्हणजे पुडकें, हा शब्द त्यांचाच.

प्रत्यक्ष जाल उभें राहिलें तें १९६९ सालीं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या विभागानें पैसा दिला, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या कंपनीनें यंत्रें बांधलीं, आणि त्या वर्षाच्या अखेरीस चार नाक्यांचें आर्पानेट चालूं झालें. लॉस एंजेलिस व सँटा बार्बरा येथील विद्यापीठें आणि स्टॅनफर्डची संशोधन संस्था हीं तीन नाकीं त्रिकोणानें जोडलेलीं होतीं. चौथें, यूटा विद्यापीठाचें नाकें, स्टॅनफर्डहून गेलेल्या एकाच तारेला लोंबकळत होतें. नाक्यावरच्या यंत्रास 'इम्प' म्हणत. इम्पच्या आंतील कार्यक्रम रचणाऱ्यांत विल क्राउदर हे प्रमुख होते. डोंगरकडे चढण्याचा व गुहांत शिरण्याचा त्यांना मोठा छंद. त्या छंदांतूनच पुढें त्यांनीं 'अ‍ॅडव्हेंचर' हा संगणकावरील खेळ रचला. मौज अशी कीं, त्यांतहि खेळणाऱ्यास अंधारांत वाटच शोधावी लागते.

क्राउदर यांच्या योजनेंत दर सुमारें दोन-तृतीयांश सेकंदास प्रत्येक इम्प आपलें कोष्टक आपल्या शेजाऱ्यांस देई. कोष्टकांत एवढेंच असे कीं, अमकें नाकें मजपासून अमक्या अंतरावर आहे. तें वाचणारा शेजारी त्यांत मधल्या तारेचें अंतर मिळवी, निरनिराळ्या शेजाऱ्यांकडून आलेल्या बेरजा ताडून पाही आणि जी सर्वांत कमी तिची वाट धरी. या बेरजेमागचें गणित रिचर्ड बेलमन व लेस्टर फोर्ड यांनीं आधींच मांडून ठेवलेलें होतें. सबंध नकाशा कोणाजवळच नाहीं, तरी प्रत्येकास जवळची वाट कळते, हें या रीतीचें सौंदर्य. आणि हीच तिची दुखरी जागा.

समजा, स्टॅनफर्ड ते यूटा ही एकुलती एक तार तुटली. अंतर टप्प्यांनीं मोजलें तर स्टॅनफर्डपासून यूटा एका टप्प्यावर होतें व लॉस एंजेलिसपासून दोन. तार तुटतांच स्टॅनफर्डला कळलें कीं, आपली सरळ वाट गेली. पण इतक्यांत लॉस एंजेलिसचें कोष्टक आलें: "यूटा मजपासून दोन टप्प्यांवर." ते दोन टप्पे स्टॅनफर्डवरूनच जातात हें त्या कोष्टकांत लिहिलेलें नाहीं. स्टॅनफर्डनें भाबडेपणानें हिशेब केला, "मग मजपासून तीन," आणि तसें कळविलें. तें ऐकून लॉस एंजेलिसनें आपले दोन पुसून चार केले. स्टॅनफर्डनें पांच केले. दोघे एकमेकांच्या भरंवशावर पायरी पायरीनें वर चढत राहतात आणि यूटाचीं पुडकीं त्यांच्यामध्यें चेंडूसारखीं फिरत राहतात. चांगली बातमी या जालांत धांवत जाते, वाईट बातमी पाय ओढीत चालते. यावर पुष्कळ उपाय निघाले. ज्याच्याकडून बातमी ऐकली त्यालाच ती परत सांगूं नये, हा त्यांतला शहाणपणाचा. 'रिप' या नांवाचा जो संकेत १९८८ सालीं चार्ल्स हेड्रिक यांनीं नीट लिहून काढला, त्यांत मात्र सरळ दांडगाईच केली आहे: पंधरा टप्प्यांच्या पलीकडे जगच नाहीं, सोळा म्हणजे अनंत! लहान कचेरींतल्या जालास तें पुरे झालें. मोठ्या जालास पुरणें शक्य नव्हतें.

वाईट बातमी उशिरां पोंचण्यापेक्षां खोटी बातमी वेळेवर पोंचणें किती भयंकर असतें, तें १९७३ सालच्या नाताळाच्या दिवशीं दिसून आलें. हार्वर्ड विद्यापीठांतील इम्पमध्यें बिघाड झाला आणि कोष्टकांतला प्रत्येक आंकडा शून्य म्हणून वाचला जाऊं लागला. इम्पनें तें कोष्टक नेहमींप्रमाणें शेजाऱ्यांस दिलें. अर्थ असा झाला कीं, हार्वर्डपासून प्रत्येक नाकें शून्य अंतरावर आहे. शेजाऱ्यांनीं बेरीज केली, त्यांच्या शेजाऱ्यांनीं केली, आणि थोड्याच वेळांत देशभरच्या इम्पांची खात्री पटली कीं, कोठेंहि जावयाचें तर हार्वर्डवरूनच जाणें सोयीचें. पुडक्यांचा लोंढा त्या एका नाक्यावर कोसळला व तेथेंच गडप झाला. येथें कोणाचें गणित चुकलें नव्हतें. प्रत्येक इम्पची बेरीज चोख होती. चुकीच्या आंकड्यावर केलेली चोख बेरीज जितकी दूर जाते तितकी साधी चूक कधीं जात नाहीं.

नाकीं वाढत गेलीं तशी जुनी रीत पुरेनाशी झाली, आणि १९७९ सालीं आर्पानेटवर नवी रीत चालूं करण्यांत आली. जॉन मॅक्विलन, इरा रिचर व एरिक रोझेन या तिघांनीं तिचें वर्णन पुढील वर्षीं प्रसिद्ध केलें. त्यांनीं जुनी रीत अक्षरशः उलटी केली. पूर्वीं प्रत्येक वाटाड्या साऱ्या जगाविषयींची ऐकीव माहिती फक्त शेजाऱ्यांस सांगे. आतां तो फक्त आपल्या शेजाऱ्यांविषयींची प्रत्यक्ष माहिती साऱ्या जगास सांगूं लागला. आपल्या तारांवर पुडक्यास किती विलंब लागतो हें प्रत्येक इम्प दहा दहा सेकंदांची सरासरी काढून पाही व त्यांत मोठा फरक पडला कीं दवंडी पिटी. ती दवंडी नाक्यानाक्यानें सर्वत्र पोंचे. मग सर्वांच्या दवंड्या जुळवून प्रत्येक जण आपल्यापुरता सबंध नकाशा काढी आणि त्यावरून जवळच्या वाटा ठरवी. वाटा ठरविण्याची ही युक्ति एड्सखर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाची. १९५६ सालीं ॲम्स्टरडॅम येथें वाग्दत्त वधूबरोबर बाजार करून दमल्यावर एका कॉफीगृहाच्या सज्जांत बसले असतां अवघ्या वीस मिनिटांत ती सुचली, कागद-पेन्सिल जवळ नव्हती म्हणूनच ती इतकी साधी झाली, असें ते पुढें सांगत. प्रसिद्ध व्हावयास तिला १९५९ साल उजाडलें.

ऐकीव माहिती गेली, प्रत्यक्ष माहिती आली; आतां फसगतीस जागा उरली नाहीं असें वाटण्यासारखें होतें. पण दवंडी तरी दुसऱ्याच्याच तोंडून ऐकूं येते. एका नाक्याच्या दोन दवंड्या आल्या तर नवी कोणती व जुनी कोणती, हें कळावें म्हणून प्रत्येक दवंडीस क्रमांक देत. हे क्रमांक ० ते ६३ असे असून ६३ नंतर पुन्हा ० येई. पंचांगांतील साठ संवत्सरांप्रमाणें हें चौसष्टांचें चक्र होतें. चक्रावर पुढचा कोण व मागचा कोण हें ठरविण्यास नियम असा कीं, दोन क्रमांकांतील अंतर ३२ पर्यंत असेल तर मोठा तो नवा. त्याहून जास्त असेल तर चक्र फिरून आलें असें समजून लहान तो नवा. नियम साधा आणि रोजच्या व्यवहारांत बिनचूक होता.

२७ ऑक्टोबर १९८० रोजीं सबंध आर्पानेट ठप्प झालें. एखादें नाकें बंद पडणें नित्याचें होतें; सगळींच नाकीं चालूं असून एकहि उपयोगाचें नाहीं, हा प्रकार नवा होता. तपासांत आढळलें कीं, इम्पांच्या रांगा एकाच यंत्राच्या, ५० क्रमांकाच्या इम्पच्या, दवंड्यांनीं तुडुंब भरल्या आहेत आणि त्या दवंड्यांचे क्रमांक तीनच आहेत: ८, ४० आणि ४४. त्यांचा उलगडा संगणकाच्या लिपींत होता. ४४ म्हणजे ३२, ८ व ४ यांच्या तीन खुणा. त्यांतली ४ ची खूण गळली कीं ४० राहतात. ३२ ची हि गळली कीं ८ उरतात. २९ क्रमांकाच्या इम्पमध्यें बिघाड होऊन अशा खुणा गळत होत्या. येथवर अपघात किरकोळ होता. पण आतां नियम लावून पाहावा. ८ आणि ४० यांत अंतर ३२, म्हणून ४० नवा. ४० आणि ४४ यांत ४४ नवा. ४४ आणि ८ यांत अंतर ३६, म्हणजे चक्र फिरलें, म्हणून ८ नवा! तिघांपैकीं प्रत्येक जण दुसऱ्याहून नवा ठरला. प्रत्येक इम्प एक दवंडी घेऊन जुनी टाकी व नवी पुढें पाठवी, लगेच तिच्याहून "नवी" हजर होई, आणि हें रहाटगाडगें थांबण्याचें कारणच नव्हतें. एखादें यंत्र बंद करून पुन्हा चालूं केलें तरी शेजारी तत्परतेनें त्याच तीन दवंड्या त्याच्या हातीं देत. शेवटीं ५० क्रमांकाच्या इम्पच्या दवंड्या मानूंच नयेत अशी तात्पुरती सूचना सर्व यंत्रांत भरावी लागली. जाल कांहीं तास बंद होतें. रोझेन यांनीं १९८१ सालीं या घटनेचें जें विवरण लिहिलें तें स्वतःच्या निर्मितीचें शवविच्छेदन असूनहि विलक्षण निर्विकार आहे; या क्षेत्रांतील फारच थोडे कागद इतके वाचनीय असतील.

त्या तीन आंकड्यांपासून पुढच्या पिढीनें धडा घेतला. रेडिया पर्लमन यांनीं १९८३ सालीं दाखवून दिलें कीं, क्रमांकांचें चक्र मोडून सरळ लांबलचक रांग करावी, प्रत्येक दवंडीस आयुष्याची मर्यादा घालावी, म्हणजे जाल कितीहि बिघडलें तरी कालांतरानें आपोआप ताळ्यावर येईल. जॉन मॉय यांच्या हातून १९८९ सालीं प्रथम लिहिला गेलेला 'ओएसपीएफ' हा संकेत या विचारावर उभा आहे. त्यांत क्रमांकास बत्तीस खुणांची जागा आहे, आणि एका तासांत नवी झाली नाहीं ती दवंडी मेली असें धरतात. मोठ्या कंपन्यांच्या व विद्यापीठांच्या आंतील जालांत तो आजहि सर्रास चालतो. एका घरांतल्या माणसांनीं एकमेकांवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न तेथें पुष्कळसा सुटला.

घराबाहेरचा प्रश्न निराळा होता. १९८८-८९ पर्यंत एक जाल जाऊन जालांचें जाल झालें होतें, आणि त्यांचे धनी निरनिराळे होते. कोणी आपल्या घराचा नकाशा परक्यास दाखवीना. कोणी फुकट दुसऱ्याचीं पुडकीं वाहीना. जुना संकेत सर्व जालें झाडाच्या फांद्यांप्रमाणें एकाच खोडास लागलेलीं आहेत असें धरून चाले. आतां खोडें अनेक झालीं. १९८९ च्या जानेवारींत टेक्सासमधील ऑस्टिन येथें अभियंत्यांची सभा भरली असतां सिस्को कंपनीचे कर्क लॉहीड व आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनीं दुपारच्या जेवणाच्या वेळीं हात पुसावयाच्या कागदी रुमालांवर नव्या संकेताचा आराखडा काढला. बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे 'बीजीपी', तो हाच. त्याची चौथी आवृत्ति १९९४ सालीं आली व अद्यापि तीच चालूं आहे.

बीजीपीमध्यें प्रत्येक जालास एक क्रमांक असतो आणि मार्गाची बातमी पुढें देतांना प्रत्येक जाल तिच्यावर आपला क्रमांक टाकतें. बातमी फिरत फिरत आपल्याच दारीं आली तर आपला क्रमांक ओळखूं येतो व ती टाकून देतां येते. स्टॅनफर्ड आणि लॉस एंजेलिस यांच्या त्या अनंत चढाओढीस येथें जागाच नाहीं. पण याहून मोठा फरक निराळा आहे. जवळची वाट हीच चांगली वाट, हें तत्त्व बीजीपीनें सोडून दिलें. ऐकावें जनाचें, करावें मनाचें, असा त्याचा बाणा आहे. कोणाशीं पैशाचा करार आहे, कोणाचीं पुडकीं वाहणें फायद्याचें, हें प्रत्येक धनी स्वतः ठरवितो. याचा अनुभव हिंदुस्थानानेंहि घेतला. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें येथें इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांस खुली केली. पुढें खाजगी कंपन्या आल्या. पण त्या एकमेकींशीं देशांत जोडलेल्या नसत, म्हणून एकाच शहरांतील दोन घरांमधलीं पुडकीं अमेरिकेस वळसा घालून येत. नियमाप्रमाणें तीच त्यांची वाट होती. २००३ सालीं 'निक्सी' ही देवघेवीचीं केंद्रें चालविणारी संस्था स्थापन झाली, मुंबईसारख्या शहरांत कंपन्यांच्या तारा एका खोलींत येऊन मिळाल्या, आणि तो हेलपाटा कमी होऊं लागला.

रुमालावरच्या आराखड्यांत एक गोष्ट मात्र राहून गेली. "अमके पत्ते माझे आहेत" असें एखाद्या जालानें सांगितलें तर तें खरें कशावरून, हें विचारण्याची सोय त्यांत नव्हती. त्या वेळीं या धंद्यांतले लोक एकमेकांस नांवानें ओळखत. विचारणें अशिष्टपणाचें वाटलें असावें. २५ एप्रिल १९९७ रोजीं ७००७ या क्रमांकाच्या एका लहानशा अमेरिकन जालानें, केवळ कोष्टकाच्या गोंधळामुळें, महाजालाचे असंख्य पत्ते आपलेच असल्याचें जाहीर केलें, आणि हार्वर्डचा नाताळ जगाच्या मापानें पुन्हा साजरा झाला. २४ फेब्रुवारी २००८ चा प्रकार जास्त बोधप्रद आहे. पाकिस्तान सरकारनें देशापुरतें यूट्यूब बंद करण्याचा हुकूम काढला. पाकिस्तान टेलिकॉमनें यूट्यूबच्या पत्त्यांपैकीं २५६ पत्ते आपले म्हणून जाहीर केले, म्हणजे देशांतलीं पुडकीं तेथेंच अडतील. ही घोषणा घराबाहेर जावयाची नव्हती. ती हाँगकाँगच्या एका मोठ्या कंपनीकडे गेली व तिनें ती जगभर पसरविली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या एका गठ्ठ्याची होती. वाटाड्यांचा नियम असा आहे कीं, जी घोषणा अधिक नेमकी ती मानावी. टपालवाला पेठेच्या नांवापेक्षां घराच्या क्रमांकास अधिक मान देतो, तसें. परिणामीं सुमारें दोन तास जगांतील पुष्कळ ठिकाणांहून यूट्यूबला निघालेलीं पुडकीं पाकिस्तानच्या वाटेस लागलीं.

खोट्या बोलण्यानें घात होतो तसा गप्प बसण्यानेंहि होतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक कंपनीच्या आंतील मुख्य तारांवर देखभालीचें काम चालूं असतां एका आज्ञेनें त्या सर्वच तोडल्या गेल्या. कंपनीच्या नांवांचे पत्ते सांगणारीं जीं यंत्रें होतीं त्यांना आढळलें कीं, आपला मुख्य ठाण्याशीं संबंध तुटला आहे. आपण बिघडलों आहों असें समजून त्यांनीं, शिकविल्याप्रमाणें, बीजीपीवरील आपल्या घोषणा मागें घेतल्या. त्याबरोबर जगाच्या कोष्टकांतून त्यांकडे जाण्याची वाटच पुसली गेली. फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारें सहा तास मुके झाले. महाराष्ट्रांतल्या घरोघरीं त्या रात्रीं लोक आपापला फोन बिघडला म्हणून तो बंद करून पुन्हा चालूं करीत बसले होते. दुरुस्तीस निघालेल्या अभियंत्यांची अडचण याहून विलक्षण होती: दुरुस्तीचीं साधनेंहि त्याच जालावर अवलंबून असल्यामुळें त्यांना यंत्रांपाशीं देहानेंच जावें लागलें, आणि तेथें शिरणें मुद्दाम अवघड करून ठेवलेलें होतें.

आज या महाजालांत सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जालें आहेत, आणि मोठ्या वाटाड्यांच्या कोष्टकांत नऊ लाखांहून अधिक नोंदी असतात. घोषणा करणाऱ्यानें पत्त्यांच्या मालकीचा दाखला दाखवावा, अशी व्यवस्था २०११ च्या सुमारापासून चालूं झाली आहे. पत्ते वांटणाऱ्या संस्था तसे सहीशिक्क्याचे दाखले देतात व अनेक मोठीं जालें दाखल्याशीं न जुळणारी घोषणा आतां नाकारतात. पण दाखला आरंभाचा असतो, वाटेचा नसतो. पत्त्यांचा धनी खरा असला तरी मधल्या कोणी "त्याच्याकडे माझ्यावरूनच जवळ पडतें" असें खोटें सांगितलें तर दाखला कांहीं करूं शकत नाहीं. वाटेवरच्या प्रत्येक जालाची सही तपासणारा संकेत २०१७ सालीं लिहून झाला आहे. तो प्रत्येक घोषणेमागें यंत्रावर पुष्कळ ओझें टाकतो, आणि वाटेंतल्या सर्वांनीं स्वीकारल्याशिवाय त्याचा पुरता उपयोग नाहीं; म्हणून पहिल्यानें कोणी स्वीकारावा यावर घोडें अडून राहिलें आहे.